आशाच्या पिशवीतला सेल आणि पंधरवड्याची फेरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की मेळघाट, नंदुरबार, गडचिरोली, पालघर इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या येऊ लागतात. डॉक्टरांची रिक्त पदे, बंद पडलेल्या रुग्णवाहिका, वाहून गेलेले रस्ते यांवर लिहिले जाते आणि कोणी ना कोणी सुचवतोच, की हे काम स्वयंसेवी संस्थांकडे का सोपवत नाही? सूचना तळमळीची असते. पण सोपवायचे म्हणजे नेमके काय, ते त्यात येत नाही. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे संस्थेचा दवाखाना, शिबिर आणि औषधवाटप असते. आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाशी आमचा रोजचा संबंध आहे, म्हणून सांगतो : ना-नफा तत्त्वावर चालणारी आरोग्यसेवा गावात टिकते ती दर पंधरवड्याला कार्यकर्तीच्या पाठीशी येऊन उभ्या राहणाऱ्या माणसामुळे, आणि तिची पिशवी रिकामी पडू न देणाऱ्या व्यवस्थेमुळे. सरकारने संस्थांकडून पुष्कळ काही उचलले, पण या दोन गोष्टी मागेच राहिल्या.

गडचिरोलीचे उदाहरण सगळ्यांना नावाने माहीत आहे, तपशिलाने कमी. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावे कामासाठी आणि ४७ गावे तुलनेसाठी घेतली. १९९३ ते १९९५ या काळात जन्मापासून २८ दिवसांच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण दोन्हीकडे हजारी साठच्या आसपास होते : ६२ आणि ५८. गावातल्याच बाईला शिकवून घरोघरी नवजात बालसेवा सुरू केल्यावर तिसऱ्या वर्षी संस्थेच्या गावांत ते २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत ५९.६ वरच राहिले. जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांपैकी आधी सोळा-सतरा जात. कार्यकर्ती घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने को-ट्रायमॉक्साझोल देऊ लागल्यावर ही संख्या तिनाच्या आत आली. खर्च एका बाळामागे ५.३ डॉलर. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बालसेवा देशभर आशांमार्फत, म्हणजे गावातल्याच सरकारी आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत, सुरू केली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी. घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. भेटी पूर्ण झाल्या की आशाला २५० रुपये.

वेळापत्रक आले, फॉर्म आले, पैशाचा दर ठरला. एका भेटीत काय काय करावे लागते आणि ते कुठे बिघडते, हे कागदावर दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आशाने घरात गेल्यावर आधी हात साबणाने धुऊन वाळवायचे. बाळ झोपलेले असेल तर त्याला उठवायचे नाही, कारण सर्वांत आधी श्वास मोजायचे असतात. अंगावरचे कापड हलकेच वर करायचे, नजर पोटावर ठेवायची आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेले चालत नाही. नवजात बाळाचा श्वास एका लयीत नसतो. मध्येच भराभर घेते, मध्येच काही सेकंद थांबते. त्यामुळे अर्ध्या मिनिटाचा आकडा फसवतो. ६० किंवा त्याहून जास्त आले तर थोडे थांबून पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर बाळ धोक्यात आहे. मग काखेत थर्मामीटर; ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट ठीक. पोट गरम आणि तळपाय गार म्हणजे बाळ गारठू लागले आहे, दोन्ही गार म्हणजे गारठले आहे. वजन सगळ्यांत शेवटी. त्यासाठी कपडे काढावे लागतात, बाळ रडते, आणि रडणाऱ्या बाळाचे श्वास मोजता येत नाहीत. हा क्रम उलटा झाला की सगळी भेट वाया.

श्वास मोजण्याबद्दल आणखी एक. गडचिरोलीत सुईणींना न्यूमोनिया ओळखायला शिकवायचा होता, पण पुष्कळजणींना साठपर्यंत मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी एक साधी पाटी केली गेली : तारेत ओवलेले मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाची मण्यांची ओळ वेगळी, मोठ्याची वेगळी. बाईला काय येत नाही याची तक्रार करत न बसता तिला जे येते तिथून सुरुवात केली, म्हणून हे साधले. जामखेडलाही डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायांना याच विश्वासाने गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या केले.

आता बिघडते कुठे ते.

वजनकाटा स्प्रिंगचा असतो. झोळी अडकवून आधी काटा शून्यावर आणायचा असतो. ते राहिले की प्रत्येक बाळाच्या वजनात झोळीचे वजन मिसळते आणि कमी वजनाचे बाळ कागदावर धडधाकट दिसते. वापरून वापरून स्प्रिंग सैलावते. तपासायला फार काही लागत नाही : दुकानातून एक किलो मिठाची सीलबंद पिशवी आणायची, झोळीत ठेवायची, काटा नीट एकावर थांबतो का बघायचे. शंभर ग्रॅमचा फरक दिसला तर काटा बदलायचा. पण बदलायचा म्हणजे कुठून? डिजिटल थर्मामीटरचा बटणाएवढा सेल संपतो, तो गावच्या दुकानात मिळत नाही. तालुक्याला जायचे तर एक दिवस आणि गाडीभाडे जाते. मग थर्मामीटर पिशवीत पडून राहतो आणि फॉर्मवर मात्र ९८ लिहिले जाते. यात आशाला दोष देऊन काही मिळणार नाही. पिशवी एकदा दिली की काम संपले असे जिथे धरले जाते, तिथे हेच होणार.

इथेच पंधरवड्याची फेरी उपयोगी पडते. चांगला पर्यवेक्षक फॉर्म मोजत नाही, वाचतो. वजनाच्या रकान्यात २.५, २.५, ३.० असे गोल आकडे ओळीने आले, किंवा प्रत्येक बाळाचे श्वास ४० नाहीतर ४२, तर त्याला लगेच कळते की हे मोजलेले नाही. खऱ्या मोजणीत ३७ येतात, ५१ येतात, ४६ येतात. मग तो कोणावर ओरडत नाही. दोन घरी तिच्याबरोबर जातो, तिला मोजू देतो, स्वतः मोजतो, दोघांचे आकडे शेजारी ठेवतो. आईला विचारतो की मागच्या वेळी ताईंनी काय काय पाहिले. पिशवीतला सेल बदलतो, संपलेला कापूस-गॉज भरतो, जाताना पुढच्या पंधरवड्यात कोणाची तारीख भरते आहे ती यादी घेतो. गडचिरोलीच्या त्या प्रयोगात अशी पंधरवड्याची फेरी डॉक्टर स्वतः करत. सरकारी रचनेत हे काम गटप्रवर्तकाकडे आहे आणि तिच्याकडे निकषानेच वीसेक आशा. तिचे निम्मे दिवस अहवाल गोळा करण्यात आणि बैठकांत जातात. तिने प्रत्येक आशाबरोबर बाळाच्या उशाशी बसावे, अशी अपेक्षा तरी कशी करायची?

दुसरी उणीव इंजेक्शनची. सरकारी कार्यक्रमात आशा इंजेक्शन देत नाही. २०१४ मध्ये केंद्राने एएनएमना, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकांना, मुभा दिली की दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला गंभीर संसर्ग दिसला आणि घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसतील किंवा नेणे शक्यच नसेल, तर तिने जेंटामायसिन आणि अमॉक्सिसिलिनचा सात दिवसांचा कोर्स द्यावा. निर्णय चांगला आहे. पण आदिवासी भागातही एका उपकेंद्राखाली तीन हजार लोकसंख्या धरलेली असते, आणि ती पाड्यापाड्यांत विखुरलेली. नदी भरली की सलग सात दिवस त्या पाड्यावर एएनएम पोचणार कशी? पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटत आला आहे, हे सगळ्यांनी वाचलेले असते. अशा पाड्यावर जे आधीपासून राहते आहे तेच माणूस तयार असले पाहिजे, आणि औषध मेअखेर तिथे पोचलेले असले पाहिजे. पावसाळ्याचा साठा तीन महिन्यांचा हवा. मागच्या तिमाहीच्या खपावरून मागणी ठरवली तर उन्हाळ्याच्या खपाएवढेच औषध जुलैत हातात येते.

औषधांच्या बाबतीतही ना-नफा क्षेत्राने वाट दाखवली आहे. बडोद्याची 'लोकॉस्ट' १९८३ पासून अत्यावश्यक औषधे मूळ (जेनेरिक) नावाने, कमी किमतीत, तपासून पुरवते आणि देशातल्या अनेक ग्रामीण संस्था त्यावर चालतात. औषधांची मोजकी यादी, प्रत्येकाचे मूळ नाव आणि ठरलेला किमान साठा एवढी शिस्त असली की कार्यकर्तीच्या पिशवीचा खर्च फार होत नाही.

भाषेबद्दल एकच सांगतो. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला डंबा देतात, म्हणजे तापलेल्या लोखंडाने पोटावर चटके देतात. हे थांबवायला फलक कामाचे नाहीत. कोरकूत बोलणारी, त्याच वस्तीतली, रात्री दार वाजवले तर उठणारी आणि त्या फुगलेल्या पोटावर दुसरे काही करू शकणारी बाई लागते. तिच्या पिशवीत औषध नसेल तर ती नुसती मनाई करणारी ठरते, आणि मनाई कोणी ऐकत नाही.

संस्थांचेही सगळेच बरोबर चालते असे नाही. पैसा आटला की गावे सोडून जाणारे कार्यक्रम आहेत, आणि सोडून गेल्यावर लोकांचा विश्वास आधीपेक्षा कमी होतो. पण त्यामागे पैशाची रीतही आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या नियमांत सलग चालणारा प्रकल्प, सुरू झाल्याचे वर्ष सोडून, तीन वर्षांपुरताच धरला जातो. कार्यकर्ती हाताशी येऊन गाव तिच्यावर विसंबू लागेपर्यंत तेवढी वर्षे तर निघूनच जातात. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेने दुसरीला देण्यास बंदी आहे, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. मोठ्या संस्थेच्या आधारावर दहा-वीस गावांत काम करणाऱ्या लहान संस्थांना हे फार जड गेले. हिशेब चोख असलाच पाहिजे. पण देणगीदाराला इमारत दिसते, शिबिरातली गर्दी दिसते; पर्यवेक्षकाच्या मोटारसायकलचे पेट्रोल त्याला वायफळ खर्च वाटते. आमच्या मते त्या पेट्रोलइतका कामी येणारा खर्च दुसरा नाही.

म्हणून संस्थांकडे काही सोपवायचेच असेल, तर आख्खे आरोग्यकेंद्र सोपवून सरकारने हात झटकू नयेत. आशा सरकारचीच राहावी, उपकेंद्रही. संस्थेकडे द्यावी ती पंधरवड्याची फेरी, बाळाजवळ बसून दिलेले प्रशिक्षण आणि पिशवीची भरणी. करार किमान पाच वर्षांचा हवा, आणि पैसे तिमाहीच्या सुरुवातीला मिळावेत. वर्षअखेरीस मिळाले तर पर्यवेक्षक तोवर दुसरी नोकरी धरतो. संस्थेचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवण्याची अट करारातच घालावी. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेखीचा अनुभव आहे. जनसुनवाईत लोक कसे नेमके प्रश्न विचारतात, हे त्या जिल्ह्यांनी पाहिले आहे.

आणि मंत्रालयाची वाट न पाहता होण्याजोगेही काही आहे. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंध निधी येतो. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांच्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट मिळतो, आणि आरोग्य हे त्याच्या खर्चाच्या बाबींपैकी एक आहे. थर्मामीटरचे सेल, एक नवा काटा, आशाला रात्रीसाठी टॉर्च, तालुक्याला नेण्याचे गाडीभाडे हे सगळे त्यात सहज बसते. ज्या वाचकांचे गाव या भागात आहे, त्यांनी पुढच्या ग्रामसभेत आशाताईंना पिशवी घेऊन बोलवावे, सगळ्यांसमोर ती उघडायला सांगावी आणि झोळीत मिठाची एक पिशवी टाकून काटा तपासून घ्यावा.

आपले,
ग्रामीण आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाशी संबंधित काही डॉक्टर व परिचारिका