गडावर वाट फुटते तिथे एक बाण लावा, साहेब

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या थंडीत तुम्ही गडाच्या पायथ्याशी माईकवर सांगितलंत की पावसाळ्याआधी सगळ्या वाटांवर दिशाफलक लागतील. आम्ही टाळ्या वाजवल्या, आईनेपण. गेल्या रविवारी त्याच गडावर तिचा हात मोडला. गडाचं नाव लिहीत नाही, नाहीतर तिथल्या चौकीदारावर ढकलून मोकळे व्हाल.

मधल्या दुफाट्यावर बोर्ड आहे, त्यावर लिहिलंय 'गड स्वच्छ ठेवा'. बालेकिल्ला डावीकडे की उजवीकडे ते नाही. आम्ही डावी वाट धरली, धुकं उतरलं, वाट ढासळलेल्या बुरुजाशी संपली आणि परत फिरताना आई शेवाळावरून घसरली. ६८ वर्षांची बाई मनगट धरून दगडावर बसलेली आणि मी रेंज शोधत फिरतोय. लागला एकदाचा फोन तर खालच्या गावातला दादा विचारतो, कुठल्या टाक्यापाशी आहात? मला काय माहीत कुठलं! दहा-बारा टाकी तरी असतील वर, एकालाही नंबर नाही. तो येईपर्यंत दीड तास गेला, आई एक शब्द बोलली नाही, मला ते जास्त लागलं.

साहेब, मी २० वर्षं बोर्डच रंगवतोय. बाण वाट फुटते तिथेच लागतो, पार्किंगमध्ये नाही. नकाशा माणूस ज्या दिशेला तोंड करून उभा असतो तसा फिरवून लावायचा, चढावर किलोमीटर नको, चालायची मिनिटं लिहा आणि प्रत्येक खांबाला नंबर, म्हणजे अडकलेला माणूस फोनवर नुसता आकडा सांगेल. एका स्वागतकमानीच्या पैशात असे पन्नास खांब सहज होतील.

भोपाळचं मानव संग्रहालय २०० एकरात उघड्यावर आहे, किल्लापण तसलंच म्युझियम, फक्त इथे चुकलात तर खाली दरी. २०२५ च्या जुलैत १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तामिळनाडूतला जिंजी सोडला तर ११ आपले. तेव्हा अभिनंदनाचे फ्लेक्स गावोगाव एका रात्रीत लागले होते, मग बाणाला वर्ष का लागतं? टेंडर काढणारा कधी गड चढतो का? प्लास्टरला सरकारी दवाखान्यात गेलो तर तिथेपण एक्स-रे कुठे हे चार जणांना विचारावं लागलं. या राज्यात सामान्य माणसाने सगळीकडे विचारतच फिरायचं का?

मी स्वतः पत्र्यावर बाण रंगवून ठेवलाय. पण संरक्षित स्मारक, परवानगी लागते म्हणाले. अर्ज कोणाकडे द्यायचा ते दोन ऑफिसं फिरूनही कळलं नाही, तेवढं तरी कळवा.

आपला,
गड चढणारा एक पेंटर