चौकोनवालीचं पत्र, भाऊसाहेबांना

आदरणीय भाऊसाहेब,

सा. न. वि. वि.

प्रबंध सादर झाला, तोंडी परीक्षाही पार पडली. आभाराच्या पानावर मार्गदर्शक आहेत, विभागप्रमुख आहेत, ग्रंथालयातल्या मॅडम आहेत, आईबाबा आहेत. तुम्ही नाही. तुमच्या जागी ‘गावपातळीवरील महसूल नोंदींचे एक जाणकार’ एवढे पाच शब्द आहेत. तुम्हीच म्हणाला होतात, “नावगाव छापू नका ताई, रिटायर झालो तरी पेन्शन चालू आहे.” म्हणून हे पत्रही बिननावाचं. पण उघडं लिहितेय, कारण त्या पाच शब्दांत माझं समाधान झालेलं नाही.

तुम्हाला माझं काम ठाऊक आहे, तरी इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मोठ्या संस्थेत कोण कुठलं काम करतं, त्या कामाला कुठली माहिती लागते, ती माहिती कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये राहते आणि ते सॉफ्टवेअर कुठल्या यंत्रावर चालतं, हे सगळं एका चित्रात मांडायचं, याला आमच्याकडे एंटरप्राइझ आर्किटेक्चर म्हणतात. चित्र काढायला ठरलेली भाषा असते. मी वापरली ती आर्किमेट. २००२ ते २००४ या काळात ती नेदरलँड्समध्ये तयार झाली, २००८ पासून ओपन ग्रुप ही संस्था ती सांभाळते. चित्र काढायचं सॉफ्टवेअर आर्ची, इंग्लंडमधल्या बोल्टन विद्यापीठात जन्मलेलं आणि फुकट. संशोधनाचा प्रश्न असा, की अशी साधनं माणसाला बरोबर चित्र काढायला कितपत मदत करतात. उदाहरण म्हणून मी गाव नमुने, म्हणजे तुमच्यासारख्या तलाठ्याच्या दप्तरातल्या ठरलेल्या नोंदवह्या, घेतले. एकवीस नमुने, एक तलाठी, वर एक मंडळ अधिकारी. महिन्याभरात उरकेल, असं वाटलं होतं. (आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून कुणी म्हणताना ऐकलं नाही.)

तुमच्या ओट्यावर पहिल्यांदा मी तो रंगीत कागद पसरला तो दिवस आठवतो. पाऊस भुरभुरत होता, काकूंनी चहाचे कप कागदाच्या कोपऱ्यांवर ठेवले म्हणून तो उडाला नाही. तुम्ही चष्मा लावून बराच वेळ पाहिलंत आणि विचारलंत, “हिरवं म्हणजे पीक का?”

हिरवं म्हणजे सर्व्हर होता, भाऊसाहेब. आमच्याकडे रिवाज आहे: कामकाज पिवळं, सॉफ्टवेअर निळं, यंत्रं हिरवी. गंमत म्हणजे भाषेच्या नियमात रंगाला काही अर्थच दिलेला नाही, ती नुसती वहिवाट आहे. पण ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं पीकपाहणी केली त्याच्यासमोर शेतजमिनीच्या नोंदींचं चित्र ठेवायचं आणि त्यात सर्व्हर हिरवा रंगवायचा, हे मला सुचलं तरी कसं?

१९९४ साली नॉर्वेच्या तीन संशोधकांनी, लिंडलँड, सिंद्रे आणि सोल्वबर्ग यांनी, मॉडेलची, म्हणजे अशा चित्राची, गुणवत्ता तीन अंगांनी तपासायची असं मांडलं. चित्र भाषेच्या व्याकरणात बसतं का, ते वस्तुस्थितीला धरून आहे का, आणि बघणाऱ्याला ते कळतं का. हे मला तोंडपाठ होतं, परीक्षेत त्यावर गुणही मिळालेले. तुमच्या ओट्यावर मी व्याकरणात पास आणि उरलेल्या दोन्हींत नापास झाले, तेही चहा निवायच्या आत.

कारण तुमचं बोट लगेच दुसऱ्या चौकोनावर गेलं. “हा मालक कोण?”

मी म्हटलं, जमिनीचा मालक. तुम्ही आत जाऊन एक जुना उतारा घेऊन आलात. “दाखवा यात मालक.” मी वरपासून खालपर्यंत शोधलं. मालक नावाचा रकानाच नव्हता. होता तो भोगवटादार, म्हणजे जमीन ज्याच्या कायदेशीर ताब्यात तो. त्यातही वर्ग एक आणि वर्ग दोन, आणि वर्ग दोनला परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. माझ्या चित्रात मात्र मालकापासून जमिनीकडे एक ठसठशीत बाण होता. साधनाने तो काढू दिला होता, हिरवा कंदील दाखवून. (पुन्हा हिरवाच!) आर्चीत दोन चौकोन जोडायला गेलं की व्याकरणात बसतील तेवढेच संबंध ते पुढे करतं, चुकीचा जोडूच देत नाही. त्यामुळे जे जोडलं ते खरंच असणार असं नकळत वाटायला लागतं. ‘मालक’ हा शब्द माझा होता, पुण्यातल्या फ्लॅटवाल्यांचा होता. तुमच्या दप्तराचा नव्हता.

मग तुम्ही भोगवटादाराच्या रकान्यातली नावं वाचायला लावलीत. एका नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, एकत्र कुटुंब मॅनेजर. “हा एक माणूस दिसतो ना? याच्या मागं तीन भाऊ आणि दोन बहिणी उभ्या आहेत.” एका नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे भोगवटादार अज्ञान (अजून सज्ञान न झालेलं) मूल आणि सही पालनकर्त्या आईची. आणि एका गटात चक्क भैरोबा. देव भोगवटादार, खाली वहिवाटदार पुजारी. माझ्या चित्रात ‘व्यक्ती’ असा एक चौकोन होता आणि एका खात्याला एक व्यक्ती असा आकडा. भैरोबाचा आधार क्रमांक मी कुठून आणणार होते?

परत येताना एसटीत मला संशोधक ग्विझार्डी यांचं काम आठवलं. त्यांनी २००५ साली नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या प्रबंधात मांडलंय, की वस्तूची जात वेगळी आणि तिने घेतलेली भूमिका वेगळी. माणूस मरेपर्यंत माणूसच असतो, पण विद्यार्थी, नवरा, खातेदार हे सगळं येतं आणि जातं. शिवाय एकच भूमिका वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी घेऊ शकतात. भोगवटादार माणूस असेल, संस्था असेल, देव असेल. हे मी तीनदा वाचलं होतं, दोन चर्चासत्रांत त्यावर बोललेही होते. पण भैरोबा दिसेपर्यंत ते माझ्या चित्रात उतरलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला तुम्ही माझा ‘सातबारा’ हा चौकोन फोडलात. “सातबारा असा कागद नाही ताई. नमुना सात वेगळा, त्यात हक्क. नमुना बारा वेगळा, त्यात पिकं. तुम्ही लोकांनी त्याचा जोडशब्द केला.” आणि तीच जमीन खातेदाराच्या बाजूने बघायची असेल तर आठ-अ. आमच्या भाषेत ज्याला ‘व्ह्यू’ म्हणतात, म्हणजे माहिती एकच, पण बघणाऱ्याप्रमाणे तिच्यावरच्या खिडक्या वेगवेगळ्या, ते तुमच्या दप्तरात संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. फरक इतकाच, की तुमच्याकडे खिडक्यांचा मेळ बसवावा लागतो. सगळ्या सातांची बेरीज आकारबंदाशी (गावातल्या जमिनींचं क्षेत्र आणि आकारणी यांच्या मूळ पत्रकाशी) जुळली पाहिजे, नाहीतर रात्रभर झोप नाही. आमच्या चित्रात बेरजेला जागाच नाही. आर्किमेटमध्ये ‘यांची बेरीज त्याच्याइतकी’ असं लिहायची सोयच नाही. मी तो नियम चित्राच्या कडेला चिठ्ठीसारखा लिहिला, अजूनही तसाच आहे.

‘इतर हक्क’ या रकान्यावर तुम्ही जवळजवळ तासभर बोललात. कूळ तिथे, सोसायटीचा बोजा तिथे, विहिरीतला हिस्सा तिथे, वाटेचा हक्क तिथे. “जे कुठंच बसत नाही ते इथं बसतं, आणि भांडण होतं तेही इथल्यावरूनच.” मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. आर्किमेटमध्येही असा एक रकाना आहे. ‘असोसिएशन’ नावाची साधी रेष, कुठल्याही दोन चौकोनांमध्ये चालते. आम्हाला शिकवतात की ती आळशी माणसाची रेष, शक्यतो टाळा. तुमच्याकडून आल्यावर मी उलटं केलं: माझ्या सगळ्या चित्रांतल्या त्या साध्या रेषा शोधून काढल्या आणि प्रत्येकीबद्दल ज्याला-त्याला विचारत बसले. प्रबंधातलं चौथं प्रकरण त्यातूनच निघालं. परीक्षकांना तेच सगळ्यात आवडलं आणि मी तेव्हा नुसती मान डोलावली, याची टोचणी आहे.

पण सगळ्यात जास्त आभार फेरफाराचे.

जमिनीवरचा हक्क बदलला की होते ती नोंद म्हणजे फेरफार. त्याची प्रक्रिया मी सरळ रेषेत काढली होती: नोंद, नोटीस, प्रमाणित. तुम्ही विचारलंत, “आणि हरकत आली तर?” तर नमुना सहा-अ, विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही. तो माझ्या चित्रात नव्हता, कारण कागदपत्रांत वाचताना तो मला अपवाद वाटला होता. मग सांगितलंत की नोंद तलाठी लिहितो आणि मंजूर मंडळ अधिकारी करतो. मी विचारलं, एवढ्याशा कामाला दोन माणसं कशाला? तुम्ही हसलात. “लिहिणारा आणि पास करणारा एकच असला तर गाव विकून खाईल की.”

मग कंस. हाताने लिहिलेल्या उताऱ्यांवर जुन्या भोगवटादाराचं नाव खोडत नसत, त्याला कंस करत, आणि कुठल्या फेरफाराने हे झालं त्याचा नंबर वर्तुळात लिहीत. एका उताऱ्यावर तुम्ही मला आजा, मुलगा, दोन नातवंडं अशी तीन पिढ्यांची कंसांची रांग दाखवलीत. “नाव गेलं तरी जात नाही. कंसात राहतं.” १९७६ साली पीटर चेन यांनी चौकोन आणि शंकरपाळ्याच्या आकारांत माहिती मांडायची रीत दिली, आमचं सगळं शास्त्र तिथून वाढलं. पण त्या आकृतीत गेलेल्या गोष्टी कुठे राहतात याचं सोपं उत्तर नाही. त्यावर नंतर लोकांनी बरंच डोकं चालवलंय. तुमच्याकडे ते दोन कंसांत आणि एका वर्तुळात होतं.

आणि जाता जाता तुम्ही महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५७ सांगितलंत. प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीरपणे नवी नोंद होईपर्यंत खरी धरायची. खरी ‘आहे’ असं नव्हे, खरी ‘धरायची’. तो एक शब्द मी घरी येईपर्यंत घोळवत होते.

कारण आमच्याकडे काय होतं? कंपन्यांत, सरकारी प्रकल्पांत हजार हजार चौकोनांची चित्रं असतात. ती सल्लागार काढतो, सल्लागारच बरोबर आहेत म्हणतो आणि सहा महिन्यांनी निघून जातो. चौकोन बदलला की जुना पुसला जातो. फार तर कोणी आणि कधी बदलला एवढं साधन लक्षात ठेवतं, पण ते काम प्रत्यक्ष करणाऱ्या माणसाने त्याला होकार दिला होता का, हे कुठेच नसतं. एंटरप्राइझ आर्किटेक्चरमधल्या, झॅकमन यांच्या १९८७ च्या प्रसिद्ध चौकटीत काय, कसं आणि कुठे एवढेच तीन प्रश्न मांडले होते. ‘कोण’ हा प्रश्न चौकटीत भरला गेला १९९२ साली, तोही कधी आणि का यांच्याबरोबर. तुमचा दुसराच प्रश्न ‘कोण’ होता.

तर मी आर्चीसाठी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिला. चित्रातल्या कुठल्याही बदलाला नंबर पडतो. जुनं नाव जात नाही, कंसात राहतं. बदल करणाऱ्याला तो स्वतः मंजूर करता येत नाही, त्या कामातल्या दुसऱ्या माणसाची सही लागते. हरकत आली तर वेगळी यादी. प्रबंधात याला भारदस्त इंग्रजी नाव आहे, पण माझ्या फोल्डरचं नाव ‘फेरफार’च आहे. मार्गदर्शकांनी विचारलं की ही कल्पना कुठल्या शोधनिबंधातली. मी म्हटलं, गाव नमुना सहा, फेरफाराची नोंदवही. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

एक कबुली द्यायचीय. तिसऱ्या खेपेला तुम्ही म्हणाला होतात, “ताई, एवढी चित्रं काढून गावातल्या माणसाला काय मिळणार?” मी तेव्हा पारदर्शकता वगैरे काहीतरी बोलले. ते मलाच पटलेलं नव्हतं. अजूनही त्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. विधवा बाईचं नाव वारसनोंदीतून राहून गेलं तर ते माझ्या चौकोनामुळे लागणार नाही. तुमच्यासारखा कोणी तिच्या घरी जाऊन विचारेल तेव्हाच लागेल. एवढंच म्हणता येईल, की उद्या कुणी नवं सॉफ्टवेअर करताना ‘ए.कु.मॅ.’ला एक माणूस समजू नये, म्हणून ते चित्रात आता ढळढळीत आहे.

दोन गोष्टी बाकी आहेत. पोटखराब्याचा (लागवडीला न येणाऱ्या जमिनीचा) अ आणि ब मी नीट दाखवलाय का ते बघाल का? आणि भैरोबाच्या वहिवाटदाराची रेष मी भोगवटादाराखाली घेतलीय, पण मनात शंका आहे की ती ‘इतर हक्कां’त हवी होती. वारीहून परत आलात की सावकाश बघा. काकूंना नमस्कार सांगा. त्यांचा कपाचा डाग पडलेला पहिला कागद मी जपून ठेवलाय.

सुधारलेला कागद आज टपालाने पाठवतेय, या खेपेला मोठ्या अक्षरात. खाली सहीसाठी जागा सोडलीय. चुकलं असेल तर सही करू नका, हरकत लिहा. आणि हिरवा रंग फक्त पिकांना वापरलाय.

तुमची,
चौकोनवाली ताई