मुदत फक्त प्रवाशालाच का?

संपादक महोदय,

आंतरराष्ट्रीय प्रवासात माझी बॅग उशिरा मिळाली. विमान बदलताना सामान मागे राहतं, हे समजू शकतो. पण मधल्या काळात विकत घ्याव्या लागलेल्या कपड्यांची आणि औषधांची भरपाई मागितल्यावर विमान कंपनीने ज्या तऱ्हेने झुलवत ठेवलं, त्याचा संताप येतो.

हेल्पलाइनवर सांगतात, ‘वेबसाइटवर फॉर्म भरा.’ तिथे सगळ्या पावत्या एकाच फाइलमध्ये हव्यात आणि फाइल मोठी झाली तर चालत नाही. लहान करून पाठवली, तर ‘पावत्या अस्पष्ट आहेत’ असा मेल येतो, आणि त्या मेलला उत्तर देण्याची सोयच नसते. पुन्हा फोन केला की नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळी हकीकत. फोनवरच्या मुलामुलींवर माझा राग नाही. निर्णयाचा अधिकारच त्यांना दिलेला नाही. शेवटी काय, तर पैशांऐवजी पुढच्या तिकिटावर सवलतीचं कूपन!

आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक ठिकाणी १९९९चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. सामानाच्या उशिरामुळे नुकसान झालं, तर ते टाळण्यासाठी शक्य ते सगळं केल्याचं कंपनीला सिद्ध करावं लागतं. नाहीतर ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत भरपाई द्यावी लागते. मात्र बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार दिली किंवा पाठवली पाहिजे. बॅग फुटली-फाटली असेल, तर अवघ्या ७ दिवसांत. मुदत चुकली की दावा जवळजवळ संपलाच.

विमानतळावर बॅग आली नाही म्हणून जो पीआयआर (सामान न आल्याची नोंद करणारा फॉर्म) भरून घेतात, त्यालाच प्रवासी तक्रार समजतो. अनेक कंपन्या तो पुरेसा मानत नाहीत, भरपाईसाठी वेगळा लेखी दावा मागतात. हे काउंटरवर कोणी सांगत नाही. ‘नोंद झाली आहे, वाट पाहा’ एवढंच ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि दिवस उलटत राहतात.

प्रवाशाला दिवस मोजून दिलेत, पण कंपनीने दाव्याला किती दिवसांत उत्तर द्यावं, याबद्दल करारात काहीच नाही. हे सरळसरळ अन्यायाचं आहे. पीआयआरच्या कागदावरच दाव्याची मुदत आणि पत्ता ठळक छापणं सक्तीचं करावं. दावा पोचल्याची तारखेसह पोच मिळावी, आणि ठरावीक दिवसांत कारणांसह लेखी उत्तर आलं नाही, तर दावा मान्य झाला असं धरावं.

– एक प्रवासी