हार्वर्डचे 3.6 टक्के म्हणजे आपल्या मुलाचा चान्स नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शिक्षण पुरवणीत परवा अमेरिकेतल्या मोठ्या युनिव्हर्सिट्यांचा तक्ता आला होता, 2024 ला कुठे किती टक्के मुलांना अ‍ॅडमिशन मिळाली त्याचा, हार्वर्ड 3.6, एमआयटी 4.5 वगैरे. आकडे बरोबर आहेत. पण मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते आणि तो तक्ता वाचून लगेच पालकांचे फोन सुरू झाले की मॅडम, शंभरातले चार घेतात ना, आमच्याला दहावीला 98 टक्के आहेत, एसएटी, म्हणजे तिकडच्या प्रवेशासाठीची परीक्षा, त्यात पण 1600 पैकी 1550 आहेत, म्हणजे त्या चारात तो बसतोच. नाही हो, असं नसतं ते, म्हणून हे पत्र.

आपल्या डोक्यात कटऑफ बसलेला आहे. आयआयटी मुंबईचं कॉम्प्युटर सायन्स 2024 ला ओपनमधून 68 रँकला बंद झालं, आयआयटीचे प्रवेश जिथून होतात त्या जोसाच्या साइटवर कुणालाही दिसतं, त्यामुळे यंदा 40 रँक आली तर मिळेल आणि 400 आली तर नाही हे घरबसल्या कळतं. हार्वर्डला अशी रेषच नाहीये. प्रवेश देताना वंश बघून भेदभाव करतात म्हणून त्यांच्यावर जी केस झाली, 2018 ला बॉस्टनच्या कोर्टात चालली आणि 2023 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, त्यात अ‍ॅडमिशन ऑफिसची आतली माहिती बाहेर आली, आणि त्यात एका बॅचला नुसत्या अमेरिकेतल्या अर्जदारांमध्येच शाळेत पैकीच्या पैकी मार्क असलेली 8 हजारांहून जास्त मुलं होती, एसएटीच्या मॅथ्सला पैकीच्या पैकी असलेली 3 हजारांच्या वर, आणि घेणार सगळ्या जगातून मिळून 2 हजार. मार्क कमी असतील तर विषय बहुतेक तिथेच संपतो, पण मार्क आहेत म्हणून काही ठरत नाही.

आणि ते 3.6 टक्के सुद्धा सरासरी आहे. 2024 ला 54,008 अर्ज आले, 1,937 जणांना प्रवेश मिळाला, पण या सगळ्यांचा चान्स सारखा नव्हता. त्याच केसमधल्या जुन्या बॅचेसच्या आकड्यांत, हार्वर्डच्या टीमच्या कोचने निवडलेल्या खेळाडूंपैकी 86 टक्क्यांना प्रवेश मिळालेला दिसतो, आईवडील हार्वर्डचे असतील तर साधारण तिघांत एकाला. असे खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, देणगीदारांशी संबंधित मुलं, प्राध्यापकांची मुलं हे सगळे धरून अमेरिकन अर्जांमध्ये जेमतेम 5 टक्के, पण प्रवेशांमध्ये 30 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बाकीच्यांचा चान्स सरासरीच्या खालीच जाणार ना. अर्ली राउंडचंही, म्हणजे नेहमीच्या मुदतीआधी अर्ज करायच्या फेरीचंही, हेच, 2024 ला अर्लीमध्ये 7,921 पैकी 692 जणांना घेतलं, म्हणजे पावणेनऊ टक्के, ते बघून सल्लागार सांगतात की अर्लीला टाका, चान्स दुपटीहून जास्त होतो. अहो, निवडलेले खेळाडू बरेचसे त्याच राउंडला असतात, त्यामुळे तो आकडा फुगतो, आपल्या मुलीचा चान्स तेवढा वाढत नाही.

बाहेरच्या देशातल्या मुलांचं गणित तर अजून वेगळं. एमआयटी स्वतःच त्यांचे आकडे वेगळे देते आणि त्यांच्यात प्रवेश मिळायचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास असतं. त्यात पैशांचा प्रश्न. वर्षाचा खर्च 80 हजार डॉलरच्या वर, म्हणजे 70 लाखांच्या आसपास, मदत लागणारच. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी हे परदेशी मुलाने मदत मागितली म्हणून निर्णय बदलत नाहीत आणि घेतलं तर गरजेएवढी पूर्ण मदत देतात, पण स्टॅनफर्डला परदेशी मुलाने मदत मागितली तर ती गोष्ट निर्णयात धरली जाते. तुमच्या तक्त्यात हे सगळे एकाखाली एक, जणू सारखेच. मग पालक हिशोब करतात, आठ ठिकाणी टाकू, चार-चार टक्के म्हणजे 32 टक्के, कुठेतरी लागेलच. पण आठही ठिकाणी जाणारी फाइल तीच असते, एकाला जे कमी वाटलं ते दुसऱ्यालाही कमी वाटायची शक्यता जास्त.

मला खरा त्रास होतो तो पुढच्या गोष्टीचा. या युनिव्हर्सिट्या नववी ते बारावी चारही वर्षं बघतात. आपल्याकडे अकरावीचे मार्क कोणी मोजतच नाही, सगळं लक्ष जेईई नाहीतर सीईटी, आणि इंटिग्रेटेड, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र, असेल तर पोरगं कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलच्या परीक्षेला दिसतं. मग ऑक्टोबरमध्ये येऊन म्हणतात मॅडम, रेकमेंडेशन द्या. दोन शिक्षकांची पत्रं लागतात, वर्गात हा कसा विचार करतो, चुकला तर काय करतो, दुसऱ्याला कसा समजावतो हे त्यात हवं असतं, आणि मी त्याला वर्गात बघितलेलंच नसतं. सल्लागाराने टाइप करून आणलेलं पत्र समोर ठेवतात, फक्त सही करा म्हणून. मी करत नाही, रोष घेते. एमआयटीने आपल्या कॉमन डेटा सेटमध्ये, म्हणजे कॉलेजं दरवर्षी प्रवेशाची माहिती ज्या ठरलेल्या नमुन्यात देतात त्यात, माणूस म्हणून मूल कसं आहे याला मार्कांच्याही वरचं महत्त्व दिलंय, आणि नेमकं तेच सांगणारं पत्र आपण कॉपी-पेस्ट करून पाठवतो. हुशार मुलांचं यात किती नुकसान होतंय ते मी डोळ्यांनी बघतेय.

म्हणून विनंती, पुढचा तक्ता छापाल तेव्हा त्यात परदेशी अर्जदारांचा आकडा जिथे मिळेल तिथे वेगळा द्या, मदत मागितल्याने फरक पडतो की नाही त्याचा एक कॉलम टाका, आणि अकरावीच्या मार्कांबद्दल दोन ओळी तरी लिहा. हे जूनमध्येच छापा, कारण अर्लीची तारीख 1 नोव्हेंबर असते आणि बारावीच्या दिवाळीत कळून अकरावी काही परत करता येत नाही.

आपली,
एक शिक्षिका, नाशिक