धोबीघाटावर बायका नसतात काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील मुंबईच्या महालक्ष्मी भागातील धोबीघाटावरील लेख वाचला. 1890 च्या सुमारास बांधलेले हौद, कपडे आपटण्याचे दगड, 2011 मधील हाताने कपडे धुण्याचा विश्वविक्रम असे सारे त्यात आले आहे. आली नाही ती बाई. छायाचित्रात एक स्त्री डोक्यावर ओल्या कपड्यांचे गाठोडे घेऊन निघालेली स्पष्ट दिसते आणि खाली ओळ आहे, ‘धोबी व त्यांचे कुटुंबीय’. गाठोडे ती बहुधा हौसेने मिरवत असावी! हौदात उतरून कपडे आपटतात ते बहुतेक पुरुष, हे मान्य; परंतु वाळत घालणे, घरोघरचे कपडे निवडणे, घड्या घालणे ही कामे आपोआप होत नाहीत.

वाईला आमच्या वाड्यात येणारी परटीण मला आठवते. बाळंतपणातील ज्या कपड्यांना घरातले कोणी हात लावत नसे, ते अंगणाच्या कोपऱ्यातून उचलून कृष्णेवर नेणारी तीच, आणि तिने धुऊन आणलेले कपडे सोवळ्यात चालत नाहीत म्हणून पुन्हा पाण्यातून काढणारे आमचेच घर. तिला अक्षरओळख नव्हती. पण बिब्ब्याच्या बारीक खुणेवरून कोणाचे धोतर कोणते, हे ती ढिगातून अचूक सांगत असे. बिब्बा उतून तिची बोटे सुजलेली असत. एकदा काकूच्या शालूला चटका बसला. इस्त्री फिरवली होती तिच्या नवऱ्याने, दिवाळीचे पोस्त मात्र बुडाले तिचे. आणि त्याच घरच्या लग्नात वरमाईच्या पायांखाली पायघड्या घालण्यासाठी मानाचे बोलावणेही तिलाच गेले.

लेखाच्या अखेरीस गाडगेबाबांना वंदन केले आहे, ते योग्यच आहे. त्यांचा जन्म परिटाच्या घरचा, हे लेखकमहाशय आवर्जून सांगतात. मात्र वडील झिंगराजींच्या पश्चात लहानग्या डेबूला, म्हणजे गाडगेबाबांना, घेऊन माहेरी, दापुऱ्याला राहिलेल्या आई सखूबाईंसाठी त्यांना एक ओळही सुचू नये?

जाता जाता एक. माझ्या मागील पत्राचा अर्धा भाग आपण ‘जागेअभावी’ गाळला होता आणि शेजारी गृहप्रकल्पाची पाव पान जाहिरात होती. या वेळी कात्री चालवणे भागच असेल, तर ती गाडगेबाबांच्या परिच्छेदावर चालवावी. परटिणीचा मजकूर तेवढा राहू द्यावा, ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा