हिरडी सुजलीय, तर थांबू नकोस

सातारा,
१२ ऑगस्ट

प्रिय वसंता,

काल फोनवर तू सहज म्हणालास, "हिरडी सुजलीय, लवंगेचं तेल लावतोय, होईल बरी." फोन ठेवला, पण मला झोप लागेना. अगदी हेच मी ६ वर्षांपूर्वी घरात सांगत होतो.

ब्रश करताना थुंकीत रक्त दिसायचं. ब्रश कडक असेल म्हणून मी त्या बाजूनं घासायचंच सोडलं. चुकलं ते तिथंच. घासलं नाही की दाताच्या मुळाशी जंतूंचा चिकट थर साचतो, काही दिवसांत त्याचं टणक कीटण होतं आणि मग ते ब्रशनं निघत नाही. हिरडी सुजते ती त्यानं. मिठाच्या गुळण्यांनी बरं वाटतं रे, पण कीटण तिथंच राहतं. आणि दुखत तर काहीच नाही. मी दुखायची वाट बघत बसलो. दुखलं तेव्हा खालचे पुढचे दोन दात हलत होते.

डॉक्टरांनी खुणा असलेल्या बारीक सळईनं दात आणि हिरडी यांच्यातली फट मोजली. निरोगी तोंडात ती १ ते ३ मिलिमीटर असते, माझी ७ निघाली. एक्स-रेत हाड खाली गेलेलं दिसलं. नुसती सूज असते तोवर साफसफाईनं हिरडी पहिल्यासारखी होते. झिजलेलं हाड आपणहून भरून येत नाही. ते दोन्ही दात गेले. तुझ्या शेतातलं कणीस मी आता दाणे सोलून खातो.

तुला तर साखर आहे. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. गोळ्या वाढवूनही उतरत नाही म्हणत होतास ना? डॉक्टरांना हिरडीचंही सांग. रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, आजार झाकलेला राहतो.

दात साफ केले की सैल होतात, असं वहिनींना वाटतं. कीटण निघाल्यावर फटी मोकळ्या वाटतात, थंड पाणी थोडे दिवस झोंबतं, एवढंच. सैल करतो तो आजार.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येतोय. दहाची वेळ घेऊन ठेव, मी बरोबर बसेन. पू किंवा ताप आला, तर मात्र माझी वाट न बघता लगेच जा.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता