नॉक्सव्हिलच्या शनिवारांबद्दल काकांना पत्र

आदरणीय काका,

सादर प्रणाम.

बाबा कोल्हापूरला सुखरूप पोहोचले आणि पोहोचल्यावर केलेल्या पहिल्याच फोनवर त्यांनी तुमची चौकशी केली. तुमचे आभार मी घरी येऊन मानलेच आहेत. पण या उन्हाळ्यात तुम्ही आमच्यासाठी जे केलेत ते चार लोकांना कळावे, असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. परदेशात मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांचे दिवस कसे जातात, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. चालत जाण्याजोगे दुकान नाही, गाडी चालवता येत नाही, भाषा अडते आणि मुले दिवसभर नोकरीवर. अशा वेळी तुम्ही बाबांना घराबाहेर काढलेत, तेही डे मॉइनच्या एखाद्या मॉलमध्ये न नेता, मातीच्या ट्रॅकवर मोटारी पळतात त्या अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या लहान लहान गावांत, आणि जाता-येता वाटेवरचे जे जे पाहण्यासारखे आहे ते सवडीने दाखवीत.

बाबांची उभी हयात एसटीच्या कार्यशाळेत इंजिने उघडण्यात आणि जोडण्यात गेली. आमच्याकडे येणारी माणसे त्यांना प्रकृती विचारतात, हवामान मानवते का विचारतात. तुम्ही मात्र पहिल्याच भेटीत लेलँडच्या पंपाबद्दल विचारलेत आणि त्या संध्याकाळी बाबा जितके बोलले तितके ते इथे आल्यापासून बोलले नव्हते. जाताना तुम्ही एवढेच म्हणालात, "शनिवारी दुपारी तयार राहा, टोपी घ्या." त्या एका वाक्याने त्यांचा सगळा उन्हाळा बदलला.

डे मॉइनहून नॉक्सव्हिलला पाच नंबरच्या रस्त्याने तासाभरात पोहोचता येते. तुम्ही तसे कधीच गेला नाहीत. आधी दक्षिणेला इंडियनोला, तिथून ९२ नंबरचा रस्ता धरून पूर्वेला, असा तुमचा मार्ग, आणि निघायचे तेही शर्यतीच्या कितीतरी आधी. विंटरसेट, इंडियनोला, नॉक्सव्हिल, ऑस्कलूसा ही सगळी गावे त्या एकाच रस्त्यावर ओवलेली आहेत, हे मला इतकी वर्षे इथे राहूनही तुमच्यामुळे समजले. ऑगस्टमध्ये दोन्ही बाजूंना मका डोक्याच्या वर गेलेला असे आणि फाट्यावर कोणीतरी ट्रकच्या फाळक्यावर कणसे मांडून बसलेले असे. तिथे तुम्ही हमखास थांबत होतात, बाबांना कणीस सोलून दाण्यात नख रोवून पाहू देत होतात, आणि मगच पैसे देत होतात.

इंडियनोलाचा थांबा बाबा कधी विसरणार नाहीत. सिम्पसन महाविद्यालयाच्या आवारात गाडी उभी करून तुम्ही म्हणालात, "इथे कार्व्हर शिकले." गावच्या वाचनालयातून आणलेले कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरांचे मराठी चरित्र आमच्या घरात सगळ्यांनी वाचले होते, बाबांनी तर दोनदा, पण ते शिकले ती जागा आपल्या मुलीच्या घरापासून इतकी जवळ आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. गुलामीत जन्मलेल्या या माणसाला कॅन्ससमधल्या एका महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला आणि दारात उभा राहिल्यावर केवळ वर्ण पाहून परत पाठवले. त्यानंतर विंटरसेटच्या एका दांपत्याने पाठीमागे लागून त्यांना इंडियनोलाला धाडले, १८९० मध्ये सिम्पसनने त्यांना दाखल करून घेतले आणि लोकांचे कपडे धुऊन ते चित्रकला शिकले. त्यांच्या चित्रांतली झाडे पाहून चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनी त्यांना एम्सच्या कृषी महाविद्यालयाकडे वळवले, आणि पुढचे सगळे मराठी वाचकांना पाठ आहे. बाबा त्या आवारात बराच वेळ काही न बोलता फिरले. तुम्ही त्यांना घाई केली नाहीत. शर्यतीच्या सरावफेऱ्या बुडाल्या असत्या तरी चालल्या असत्या, असे तुम्ही मला नंतर सांगितलेत.

नॉक्सव्हिल हे साडेसात हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. मेरियन काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर अर्ध्या मैलाचा लंबगोल ट्रॅक आहे आणि एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत शनिवारी रात्री तिथे स्प्रिंट कार, म्हणजे शर्यतीसाठीच बनवलेल्या छोट्या, हलक्या मोटारी पळतात. बहुतेक प्रेक्षक गाड्या पळायला लागल्यावर ट्रॅककडे पाहतात. तुम्ही बाबांना त्याच्या आधीचे दोन तास पाहायला शिकवलेत. तिथली माती काळी आणि चिवट आहे. ती दिवसभर कुळवतात, तिच्यावर टँकरने पाणी मारतात, आणि मग शर्यतीच्याच गाड्या सावकाश फिरवून चाकांनी ती दाबून घेतात. बाबा तरुणपणी तालमीत जात असत. आखाड्याची माती ताक, तेल, लिंबू, हळद घालून कशी मळतात, किती ओली ठेवतात, हे त्यांनी तुम्हांला सांगितले आणि या ट्रॅकचेही तसेच आहे, असा निर्वाळा दिला, तेव्हा तुम्ही ते शेजारच्या बाकावरच्या अनोळखी लोकांनाही इंग्रजीत समजावून सांगितलेत. त्यानंतर ती मंडळी दर शनिवारी बाबांसाठी जागा धरून ठेवू लागली.

रात्र चढेल तशी माती सुकते, आतल्या बाजूचा पट्टा तुळतुळीत काळा पडतो, पकड जाते आणि सुटलेली माती बाहेरच्या कडेला सरकून तिचा एक उंचवटा तयार होतो. मग जाणता चालक ओल शोधत वर जातो आणि त्या उंचवट्याला मागचे उजवे चाक टेकवून वळण घेतो. हे एकदा तुम्ही दाखवून दिल्यावर शर्यतीचा अर्थच बदलला. कोण पुढे आहे यापेक्षा कोण ओल हुडकतो आहे, याकडे बाबांचे लक्ष असे, आणि त्यांचा अंदाज पुष्कळदा बरोबर येई.

गाडीविषयी तर त्यांना किती सांगू आणि किती नको असे झाले होते. फोनवर ते मला एकेक भाग समजावून देत. चालकासह जेमतेम १४०० पौंड, म्हणजे सुमारे ६३५ किलो वजन, आणि ४१० घनइंचांचे इंजिन सुमारे ९०० अश्वशक्तीचे. स्टार्टर नाही, क्लच नाही, आपल्याला माहीत असतो तसा गिअरबॉक्स नाही. मागून ट्रकने ढकलायचे, चाके फिरू लागली की इंजिन पेट घेते. इंधन मिथेनॉल, ज्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. डोक्यावर विमानाला असतो तसा २५ चौरस फुटांचा पंख हवेच्या दाबाने गाडी जमिनीशी दाबून धरतो आणि चालक आत बसूनच तो मागेपुढे सरकवतो. मागचे उजवे चाक डाव्यापेक्षा मोठे, त्यामुळे गाडी आपणहून डावीकडे वळते. "गिअरबॉक्सच न्हाई म्हटल्यावर बिघडायचं तरी काय ऱ्हायलं," असे बाबा मोठ्या कौतुकाने म्हणाले होते, आणि त्यांच्या तोंडून एखाद्या यंत्राचे याहून मोठे कौतुक मी ऐकलेले नाही.

शर्यती संपल्यावर तुम्ही त्यांना पिटमध्ये, म्हणजे गाड्यांची दुरुस्ती चालते त्या जागेत नेलेत, त्याबद्दल वेगळे आभार मानायला हवेत, कारण तिथे मी बरोबर होते आणि सगळे डोळ्यांनी पाहिले आहे. एक वयस्कर मेकॅनिक खरवडणीने गाडीच्या पोटाखालची माती काढत होता. मातीचे जाड थर निघून खाली पडत होते आणि आतले पाइप हळूहळू दिसू लागले होते. तुम्ही त्याला दोन वाक्यांत बाबा कोण ते सांगितलेत. त्याने काही न विचारता दुसरी खरवडणी बाबांच्या हातात दिली आणि दोघे वाकून काम करू लागले. मग त्याने इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोवर बोट ठेवले, बाबांनी मान डोलावली; बाबांनी एका सांध्यावरची चीर दाखवली, त्याने टॉर्च आणून ती नीट पाहिली आणि खडूने खूण केली. दोघांमध्ये सामाईक भाषा एका शब्दाची नव्हती. तुम्ही दुभाष्याचे काम करायला पुढे आला नाहीत, बाजूला उभे राहिलात. तुम्ही मध्ये पडला नाहीत म्हणूनच ते काम त्या दोघांचे राहिले, असे मला वाटते, आणि तुमच्या स्वभावातली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

ऑगस्टमधल्या नॅशनल्स या स्प्रिंट कारच्या मोठ्या वार्षिक स्पर्धेच्या दिवसांत सगळे गाव कसे फुलून जाते, हे ऐकून होते. १९६१ पासून ही स्पर्धा भरते; चालक स्टीव्ह किन्सर यांनी ती बारा वेळा जिंकली, हे बाबा आता कोल्हापुरात मित्रांना सांगत असतील. चार रात्रींची धामधूम, घरोघरी अंगणात लावलेले तंबू आणि मोटारी, आणि शेवटच्या रात्रीची ५० फेऱ्यांची अंतिम शर्यत. एवढ्या गर्दीत सत्तरी उलटलेल्या माणसाला न्यायचे म्हणजे जोखीमच. तुम्ही कानात घालायचे बोळे, धुळीसाठी चष्मा, पाठ टेकायची गादी, पाण्याच्या बाटल्या आणि रक्तदाबाच्या गोळीची वेळ, सगळे लक्षात ठेवलेत. उन्हाच्या वेळी त्यांना ट्रॅकला लागून असलेल्या स्प्रिंट कार संग्रहालयात गारव्याला नेऊन बसवलेत आणि तिथल्या जुन्या गाड्यांपुढे त्यांचे दोन-तीन तास कसे गेले ते त्यांनाही कळले नाही. काकूंनी दिलेली थालीपिठे त्या बाकावर कितीजणांनी खाल्ली, याची गणती मी ठेवलेली नाही.

वाटेवरच्या इतर ठिकाणांविषयी थोडक्यातच लिहिते. पेल्लाला १८४७ मध्ये आलेल्या डच लोकांचे गाव आणि अजून धान्य दळणारी उंच पवनचक्की पाहिली, तिथल्या बेकरीतला बदामाचे सारण भरलेला एस अक्षराच्या आकाराचा पदार्थ बाबांना फार आवडला. रेड रॉकच्या धरणावर तुम्ही पाण्याखाली गेलेल्या गावांची हकीकत सांगितलीत; धरणाने गाव उठणे म्हणजे काय, हे बाबांना समजावून द्यावे लागले नाही. विंटरसेटजवळचे छप्पर असलेले लाकडी पूल मात्र आम्ही निवांत पाहिले. एकेकाळी त्या काउंटीत असे १९ पूल होते, आज सहा उरले आहेत. पुलाच्या तळाचे लाकूड बदलणे महाग, म्हणून त्याला ऊनपावसापासून वाचवायला वर स्वस्त छप्पर घालायचे, ही युक्ती बाबांना इतकी पटली की ते तुळयांचे सांधे हाताने चाचपत पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले.

आणि शेवटी सप्टेंबरच्या सुरुवातीचा बून गावच्या शर्यतींचा दौरा. तिथल्या मॉडिफाइड नावाच्या प्रकारातल्या गाड्या साध्या नोकरदार माणसांच्या. हरलेल्या स्पर्धकाला ठरावीक किमतीत विजेत्याचे इंजिन मागता येते, या जुन्या नियमामुळे इंजिनावर वारेमाप खर्च करण्यात कोणाला अर्थ उरत नाही. हा नियम ज्याने काढला तो माणूस शहाणा, असे बाबांचे स्पष्ट मत झाले. तिथून तुम्ही आम्हांला केट शेली हिच्या नावाचा उंच रेल्वेपूल दाखवायला नेलेत. १८८१ च्या जुलैमधल्या वादळी रात्री पूर आलेल्या ओढ्यावरचा पूल इंजिनासकट कोसळला, तेव्हा ही शाळकरी वयाची मुलगी अंधारात डे मॉइन नदीवरचा पूल हातापायांवर रांगत ओलांडून स्टेशनवर गेली आणि पुढे येणारी गाडी थांबवण्याची खबर तिने दिली. रात्रपाळीला घाटात बंद पडलेल्या गाड्यांवर वर्षानुवर्षे धावून गेलेल्या माझ्या वडिलांच्या डोळ्यांत मी त्या दिवशी पाणी पाहिले. तुम्ही तो पूल शर्यतीच्या तिकिटावर लिहिलेला नसताना आमच्या वाटेवर आणलात.

काका, पेट्रोलचे पैसे तुम्ही एकदाही घेतले नाहीत, तिकिटाचे मी बळेच दिले तेवढेच. तुमचे स्वतःचे वयही काही कमी नाही, आणि रात्री अकरानंतर काळोख्या रस्त्यावर हरणे आडवी येत असताना गाडी चालवणे सोपे नसते, हे मला ठाऊक आहे. बाबा पुढच्या एप्रिलमध्ये, हंगाम सुरू होईल त्याच सुमारास परत येणार आहेत आणि त्यांनी तसा हट्टच धरला आहे. या वेळी माझी एक विनंती आहे. शनिवारी गाडी मी चालवीन. तुम्ही आणि बाबा मागे बसा, काकूंना माझ्या शेजारी बसू द्या, आणि ९२ नंबरवर कुठे वळायचे ते सांगत चला. मार्चच्या अखेरीस मी फोन करून वेळ ठरवते.

काकूंना नमस्कार.

आपली नम्र,
बाबांची लेक, वेस्ट डे मॉइन